प्लॉट कोणाचा, बाग कोणाची?

सहा डिसेंबर आला की आपल्या वर्धा जिल्ह्यातली माणसं दादरला उतरतात. चैत्यभूमीवर जातात, राजगृहाला वंदन करतात आणि मिळेल ती गाडी धरून परततात. राजगृहाच्या भोवतालची वस्ती कोणी बघत नाही. मी म्हणतो, ती बघितली पाहिजे. झाडांचे रस्ते, आखीव प्लॉट, पलीकडं पारशी कॉलनी आणि तिथल्या पाच बागा, म्हणजे फाइव्ह गार्डन्स. हे सगळं आपोआप उगवलेलं नाही.

1896 साली मुंबईत प्लेग आला. 1898 साली सरकारनं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. ट्रस्टनं दाट वस्त्या पाडल्या आणि दादर-माटुंग्याला मोकळ्या हवेचं नवं उपनगर आखलं. त्याच ट्रस्टनं परळला चाळी बांधल्या. कचेरी एक, नकाशे दोन. एका नकाशात माणसाच्या वाट्याला बाग आली, दुसऱ्यात खोली.

ट्रस्टमधले इंजिनिअर मंचरजी जोशी यांनी 103 प्लॉट पारशांसाठी राखून घेतले. बेताच्या कमाईच्या पारशांना घर मिळावं हा हेतू. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण आपल्या राखीव जागा म्हटलं की ज्यांना गुणवत्ता आठवते, ते या राखीव प्लॉटांवर कधी बोंबलले नाहीत, हेही लिहून ठेवा. शेजारच्या वसाहतीचं तर नावच हिंदू कॉलनी. लंडनात श्रीमंतांच्या चौकातल्या कित्येक बागांना कुलूप असतं, किल्ली फक्त भोवतालच्या घरवाल्यांकडं. आपल्या देशात कुलपाचाही खर्च नाही. आडनाव विचारलं की काम भागतं.

1917 साली कोलंबियाहून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले. जात लपवून पारशी धर्मशाळेत राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही घरात घेतलं नाही. गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठीबागेत बसून राहिले. ती बाग सार्वजनिक होती, म्हणून बसायला तरी मिळालं. उभ्या शहरात घर मात्र एकही नव्हतं.

पुढं हाच माणूस परळच्या ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत राहिला. एकंदर 22 वर्षांचा हा मुक्काम. 1930 नंतर त्यांनी हिंदू कॉलनीत जागा घेऊन राजगृह बांधलं, ते पुस्तकांसाठी. नाव दिलं बुद्धाच्या काळातल्या मगधाच्या राजधानीचं. हिंदू कॉलनीच्या छातीवर ते नाव आजही आहे. 7 जुलै 2020 ला त्याच घराच्या आवारातल्या कुंड्या फोडल्या गेल्या, काचा फोडल्या गेल्या. आपली चार फुलझाडंसुद्धा कोणाच्या तरी डोळ्यात खुपतात.

आता कायद्याकडं या. संविधानाच्या कलम 15(2) नं विहिरी, तळी, रस्ते, सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या केल्या. म्हणजे बाग आपली झाली. घराचं काय? 2005 साली सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या झोरास्ट्रियन गृहनिर्माण संस्थेचा फक्त पारशांना सभासद करण्याचा उपविधी वैध ठरवला. संघटना करण्याचा हक्क, म्हणाले. आज एका छोट्या समाजासाठी उघडलेल्या या दारातून उद्या बामण-बनियांच्या सोसायट्याही आत शिरतील, त्याला कोण अडवणार?

वर्धा शहरही आखूनच वसवलेलं आहे. पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी 1866 ला ते उभं राहिलं. साहेबांची सिव्हिल लाइन्स वेगळी. आता हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, जिकडं तिकडं ले-आऊट पडताहेत. मधात बगिच्याची जागा सोडलेली असते. पोरं बगिच्यात खेळून येतात, पण प्लॉट मागायला गेलं की "सगळे गेले" म्हणतात.

म्हणून माझं सांगणं एवढंच: मोर्चा काढायच्या आधी नकाशा बघा. प्लॉट कोणाला गेले त्याची यादी करा, सोसायटीचे उपविधी मिळवा आणि शाखेच्या बैठकीत ते मोठ्यानं वाचा.