टेड लिंड्से आणि खेळाडूंची संघटना

बर्फावरील हॉकीच्या इतिहासात टेड लिंड्से याचे नाव दोन कारणांनी राहिले आहे. एक, त्याने केलेले गोल. दुसरे, त्याने उभारलेली संघटना. आम्ही कामगार चळवळीत वावरणारी माणसे. दुसऱ्या कारणाकडे आमचे लक्ष अधिक जावे, हे ओघानेच आले.

लिंड्सेचा जन्म १९२५ साली कॅनडातील रेनफ्रू गावी झाला. कर्कलंड लेक या सोन्याच्या खाणींच्या गावात तो वाढला. १९४४ साली तो अमेरिकेतील डेट्रॉइट संघात दाखल झाला. आघाडीच्या फळीत डाव्या बाजूला तो, मध्ये सिड एबल आणि उजवीकडे गॉर्डी हाउ. या तिघांच्या जोरावर संघाने १९५० व १९५२ साली स्टॅनले चषक जिंकला. पुढे एबल गेल्यावरही १९५४ व १९५५ साली तो पुन्हा आणला.

परंतु मैदानात गाजणारा हा गडी कराराने मात्र पुरता बांधलेला होता. नॅशनल हॉकी लीगमध्ये संघ अवघे सहा. मालकाच्या मर्जीवाचून खेळाडूला दुसऱ्या संघात जाता येत नसे. मालकाला मात्र त्याला हवे तिथे धाडता येई. निवृत्तिवेतनासाठी प्रत्येक खेळाडू वर्षाला ९०० डॉलर भरी, पण त्या निधीचा हिशेब मागितला की मालक वह्या उघडत नसत. ही तक्रार आपल्या गिरणगावातल्या माणसाला समजावून सांगायला नको!

फेब्रुवारी १९५७ मध्ये खेळाडूंची संघटना जाहीर झाली. लिंड्से अध्यक्ष, माँट्रियलचा डग हार्वे उपाध्यक्ष. त्या मोसमात लिंड्सेने ३० गोल केले होते आणि ५५ गोलांना हातभार लावला होता. त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वोत्तम मोसम. तरीही जुलैमध्ये त्याची रवानगी तळाच्या शिकागो संघात झाली. डेट्रॉइट आणि शिकागो या दोन्ही संघांची मालकी नॉरिस घराण्याकडे होती, हे येथे ध्यानात ठेवावे. नोव्हेंबरात खुद्द डेट्रॉइटचेच खेळाडू संघटनेतून बाहेर पडले आणि संघटना कोसळली.

मग सारे व्यर्थ गेले काय? आम्हांला तसे वाटत नाही. खेळाडूंनी मालकांवर कोर्टात दावा लावला होता. फेब्रुवारी १९५८ च्या तडजोडीत किमान वेतन ७,००० डॉलर ठरले आणि निवृत्तिनिधीत मालकांचा वाटा वाढला. संघटना मोडली; पण ती पुन्हा उभी राहू नये म्हणून का होईना, मालकांना काही द्यावे लागले. मोडलेल्या संपानंतर मिळालेली पगारवाढ आम्हीही पाहिली आहे. ती घेणाऱ्याला ती कोणामुळे मिळाली, याची पुष्कळदा आठवण नसते.

लिंड्से १९६० साली निवृत्त झाला. १९६४ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी, तो पुन्हा डेट्रॉइटकडून एक मोसम खेळला. १,०६८ सामने, ३७९ गोल, असा त्याचा एकूण हिशेब. १९६७ साली खेळाडूंची नवी संघटना झाली, ती टिकली. तिचे सभासद मोसमातील सर्वोत्तम खेळाडू आपल्या मतांनी निवडतात. त्या पारितोषिकाला २०१० साली लिंड्सेचे नाव देण्यात आले. २०१९ साली तो वारला. ज्यांच्यासाठी त्याने आपली जागा गमावली, त्यांच्या वारसांनी उशिरा का होईना, हे ऋण मान्य केले.