क्षितिजापलीकडे पाहणारी जहाजे

मंगळयानाचे उड्डाण प्रथम २८ ऑक्टोबर २०१३ या दिवशी ठरले होते. प्रत्यक्षात ते ५ नोव्हेंबरला झाले. रॉकेटमध्ये दोष नव्हता आणि यानही सज्ज होते. विलंब झाला तो हजारो किलोमीटर दूर, प्रशांत महासागरात. शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचे ‘नालंदा’ हे जहाज खराब हवामानामुळे फिजीला वेळेवर पोहोचू शकले नव्हते.

मंगळमोहिमेने एका जहाजासाठी का थांबावे? याचे उत्तर पृथ्वीच्या गोलाईत आहे. यानाशी संपर्क साधणाऱ्या रेडिओलहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. २५० किलोमीटर उंचीवरील यान जमिनीवरून फार तर १,८०० किलोमीटर अंतरापर्यंत दिसते. सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटर वेगाने जाणारे हे यान एका केंद्राचे आकाश जेमतेम आठ मिनिटांत ओलांडते. पुढे दुसरे केंद्र हवे. आणि पुढे समुद्रच असेल, तर जहाज हवे.

मंगळयानाच्या मार्गावर श्रीहरिकोटा, पोर्ट ब्लेअर, ब्रुनेई आणि इंडोनेशियातील बियाक अशी केंद्रे होती. रॉकेटचा चौथा टप्पा मात्र उड्डाणानंतर सुमारे ३५ मिनिटांनी, दक्षिण प्रशांत महासागरावर प्रज्वलित व्हायचा होता. हा निर्णायक क्षण ‘नालंदा’ आणि ‘यमुना’ या दोन जहाजांवरील अँटेनांनी टिपला.

ही अडचण भारताआधी इतरांनाही आली होती. अमेरिकेने अपोलो मोहिमांसाठी दुसऱ्या महायुद्धकाळातील तेलवाहू जहाजांचे रूपांतर करून ‘व्हॅनगार्ड’सारखी जहाजे सिद्ध केली. जगभर तळ नसलेल्या सोव्हिएत संघाची गरज याहून मोठी होती. १९७१ मध्ये पूर्ण झालेले ‘कॉस्मोनॉट युरी गागारिन’ २३१ मीटर लांबीचे होते आणि त्यावर २५ मीटर व्यासाच्या दोन महाकाय तबकड्या होत्या. चीनच्या ‘युआन वांग’ जहाजांनी १९८० मध्ये प्रशांत महासागरातील आंतरखंडीय क्षेपणास्त्र चाचणीचा मागोवा घेतला.

अशा जहाजाची खरी कसोटी डोलत्या डेकवर लागते. अँटेनेची दिशा एका अंशाने चुकली, तर १,८०० किलोमीटरवर ती चूक ३० किलोमीटरांहून अधिक होते. म्हणून जहाजाचे हेलकावे क्षणोक्षणी मोजून अँटेना उलट दिशेने वळवावी लागते. शिवाय जहाज नेमके कोठे आहे, हेही अचूक ठाऊक असावे लागते.

पुढे उपग्रहच उपग्रहांचे संदेश वाहू लागले. अमेरिकेचा या कामाचा पहिला उपग्रह १९८३ मध्ये अवकाशात गेला आणि जहाजांची गरज घटली. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर ‘गागारिन’ बेकार झाले. १९९६ मध्ये ते गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात निघाले.

तरीही हा जहाजप्रकार संपला नाही, कारण यान आणि क्षेपणास्त्र यांत मूलभूत फरक आहे. यान स्वतःहून संदेश पाठवते. परक्या देशाचे क्षेपणास्त्र आपल्याशी बोलत नाही. ते रडारनेच पाहावे लागते. स्वतःच्या चाचणीतही शेवटचा टप्पा लक्ष्याजवळूनच नीट दिसतो. एप्रिल २०१२ मधील अग्नी-५ च्या पहिल्या चाचणीत मार्गाच्या मध्यावर आणि लक्ष्याजवळ जहाजे तैनात होती.

या गरजेतून विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये एक जहाज आकाराला आले. अनेक वर्षे ते केवळ ११,१८४ या यार्ड क्रमांकाने ओळखले जात होते. १० सप्टेंबर २०२१ रोजी ते ‘आयएनएस ध्रुव’ या नावाने सेवेत दाखल झाले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२२ मध्ये, ‘युआन वांग ५’ श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदरात आले, तेव्हा भारतात चिंता व्यक्त झाली. ती समजणे कठीण नाही. दुसऱ्याच्या चाचणीचे जे मोजमाप आपल्याला हवे असते, तेच आपल्या चाचणीचे दुसऱ्यालाही हवे असते. आणि खुला समुद्र दोघांनाही सारखाच मोकळा आहे.