मिसेस चेसची वंशावळ

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये १९११ साली एक बाई दाखल झाली. तिला काहीही झालेलं नव्हतं आणि ती कधी बरीही होणार नव्हती. उंची ५ फूट ४ इंच. अंग कापडी, आत ठासून भरलेलं, वर तैलरंगाचे थर. त्यामुळे ओल्या फडक्याने रोज पुसली तरी बिघडायची नाही. खांदे, कोपरं, गुडघे वळायचे. पुढे सगळ्या अमेरिकेतल्या नर्सिंगच्या मुली तिला ‘मिसेस चेस’ म्हणून ओळखू लागल्या.

हे नाव बाहुली करणाऱ्या बाईंचं. मार्था जेंकिन्स चेस या ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावच्या. नवरा डॉक्टर. मुलांना खुशाल आंघोळ घालता येईल अशा कापडी बाहुल्या त्या करायच्या आणि त्या दुकानांतून चांगल्या खपायच्या. हार्टफर्डच्या नर्सिंग स्कूलच्या प्रमुख मिस लॉडर सदरलँड यांनी त्यांच्याकडे माणसाएवढी बाहुली मागितली. तोवर काम भागायचं ते पेंढा भरलेल्या बुजगावण्यासारख्या आकृतीवर, नाहीतर मुलींचं एकमेकींवर. रुग्णाला न उठवता चादर बदलणं, कूस पालटणं, पाठ पुसणं हे मैत्रिणीवर शिकता येतं. एनिमा शिकायला कोण आडवं होणार? शेवटी तो धडा वॉर्डातल्या एखाद्या गरीब पेशंटवरच गिरवला जाणार, हे उघड होतं.

म्हणून १९१४ साली सुधारलेल्या बाहुलीत काय बसवलं हे पाहण्यासारखं आहे. दंडावर इंजेक्शनची जागा, आणि पोटात पाण्याची टाकी, म्हणजे कॅथेटर, एनिमा वगैरे सगळं करता यावं. पण नाडी नाही, श्वास नाही, ताप नाही. मिसेस चेसची प्रकृती सकाळी जशी, तशीच रात्री. मला ही कारागिराची मर्यादा वाटत नाही. त्या काळाला नर्सकडून सफाईदार हात हवा होता. बिघाड ओळखणं आणि निर्णय घेणं हे डॉक्टरांचं काम मानलं जायचं. मग बाहुलीने बिघडावं तरी कशाला? बाहुलीत काय घातलं आणि काय घातलं नाही, यावरून त्या त्या पिढीने नर्सला काय समजलं ते कळतं.

कल्पना अर्थात चेसबाईंच्या आधीची. फ्लॉरेन्स लीस या नाइटिंगेलच्या शाळेत शिकलेल्या बाईंनी १८७४च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं की नर्सिंगच्या शाळेत एक यांत्रिक पुतळा आणि बँडेज बांधायला हातापायांचे नमुने असावेत. त्याहीआधी, अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये मादाम द्यु कूद्रे ही सुईण कापड आणि चामड्याचं बाळंतिणीचं धड घेऊन गावोगाव हिंडली. पंधराव्या लुईने तिला खेड्यातल्या बायकांना बाळंतपण शिकवायला नेमलं होतं. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं त्यांना हाताने चाचपून शिकता यावं, ही तिची युक्ती. त्यातला एक नमुना रूआँच्या संग्रहालयात अजून आहे.

आता आपल्याकडचं कुणीतरी सुश्रुताचं नाव काढणारच, आणि काढावंही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातल्या नवव्या अध्यायात छेद घेण्याचा सराव कोहळा, भोपळा, काकडीवर करायला सांगितला आहे. बँडेज बांधायचं ते कापडाच्या, माणसासारख्या पुतळ्याच्या अवयवांवर. नुसतं ऐकून-वाचून भागत नाही, हे तिथे स्वच्छ म्हटलंय. पण कूळ सांगायचं तर मधल्या पिढ्या दाखवाव्या लागतात, आणि त्या पुतळ्यापासून हार्टफर्डपर्यंत तशी वाट दिसत नाही. गरज तीच होती, म्हणून उत्तरही तेच सुचलं, एवढंच खरं.

पुढची पायरीही एका खेळणीवाल्याचीच. नॉर्वेतल्या स्टावांगरचे ओस्मुंड लेर्डाल मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या आणि मोटारी करायचे. त्यांनी १९६० साली तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी ‘ॲन’ घडवली. तिची छाती फुगायची. मात्र बाहुलीला खरोखर ‘जिवंत’ केलं ते १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात, डेन्सन आणि एब्रहॅमसन यांनी. त्यांच्या ‘सिम वन’चा श्वास चालायचा, हृदय धडधडायचं, बाहुल्या विस्फारायच्या (या डोळ्यातल्या!), आणि औषध दिलं की संगणक प्रतिक्रिया घडवून आणायचा. ती होती भूल देणाऱ्या डॉक्टरांसाठी. नर्सिंगच्या मुली तेव्हाही मिसेस चेसचीच कूस बदलत होत्या.

बिघडणारा पेशंट नर्सिंगच्या वर्गात सर्रास यायला २००० साल उजाडावं लागलं. तेव्हा लेर्डाल कंपनीचा ‘सिममॅन’ बाजारात आला आणि त्याची किंमत महाविद्यालयांना निदान विचार करण्याजोगी तरी होती. काचेपलीकडे शिक्षिका बसते, माइकवरून पेशंट होऊन कण्हते आणि हळूच बीपी उतरवते. विद्यार्थिनीने ते टिपायचं, कारण शोधायचं, डॉक्टरांना फोनवर मोजक्या शब्दांत सांगायचं. नंतर सगळ्यांनी बसून काय घडलं, काय सुटलं, याची उजळणी. अनेक शिक्षिका म्हणतात की खरं शिकणं त्या उजळणीतच होतं, आणि मलाही ते पटतं. घाईत केलेली गोष्ट का केली हे शांतपणे सांगावं लागणं, ही काही छोटी परीक्षा नाही.

वॉर्डातल्या तासांची जागा असा बनावट पेशंटवरचा सराव, म्हणजे सिम्युलेशन, किती घेऊ शकतो, हा वाद अमेरिकेत रंगला. तिथल्या राज्य नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने दहा कॉलेजांत मोठा अभ्यास केला. २०१४ साली निष्कर्ष आला: सोयी आणि शिकवणारे चांगले असतील तर निम्मे तास सिम्युलेशनने भरले तरी विद्यार्थी मागे पडत नाहीत. भारतीय नर्सिंग परिषदेच्या २०२१च्या नव्या बी.एस्सी. अभ्यासक्रमातही स्किल लॅब आणि सिम्युलेशन आलं. मात्र निष्कर्षातला तो ‘तर’ फार वजनदार आहे. महागडा मॅनिकिन कुलपात आणि किल्ली प्राचार्यांच्या टेबलात, असं झालं तर पेंढ्याचा पुतळा परवडला.

एक गोष्ट मात्र सिममॅनलाही जमत नाही: लाजणं. स्पंज देताना चादर घट्ट धरून ठेवणाऱ्या आजीबाई कुठल्याच मशीनमध्ये बसत नाहीत. त्यासाठी माणूसच लागतो. न्यूरॉलॉजिस्ट हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३च्या सुमारास शिकवून तयार केलेला पेशंट परीक्षेला आणला होता, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची टर उडवली. पुढे लंडनच्या रॉजर नीबोन यांनी दोन्ही जोडलं: नट पलंगावर झोपतो, कॅथेटरचा रबरी भाग चादरीखाली त्याच्या अंगाला लागून ठेवतात. नळी रबरात घालायची, आणि दुखतंय का हे नटाच्या तोंडाकडे बघून विचारायचं. तो काय उत्तर देईल, हे आधी ठरलेलं नसतं.