धानाच्या मुलखातील गुरुजी : भंडारा जिल्ह्यातील शिक्षकी पेशाचा इतिहास

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा मालगुजारी तलाव, धानाची शेती, पितळी भांडी आणि कोशाचे कापड यांसाठी ओळखला जातो; मात्र येथील खेड्यांच्या सामाजिक इतिहासात ज्या पेशाने शांतपणे पण खोलवर बदल घडवला, त्या शिक्षकी पेशाकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमीच गेले आहे. हा पेशा जिल्ह्यात कसा रुजला याचा मागोवा घेतला असता असे दिसते की, गुरुजींनी विद्यार्थ्यांना दिलेली प्रेरणा जितकी त्यांच्या शिकवण्यातून आली, तितकीच ती त्यांच्या असण्यातून आली. आपल्याच मुलखातला, आपल्याच बोलीत वाढलेला माणूस शिकून मानाने जगतो, हे मुलांना रोज डोळ्यांसमोर दिसत होते.

नागपूरचे भोसले राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि १८६२ मध्ये प्रांताचे शिक्षण खाते सुरू झाले. त्यापूर्वी खेड्यांतील शिक्षण पंतोजींच्या हाती होते. अक्षरओळख, पाढे आणि हिशेब एवढाच त्याचा आवाका असे, मोबदला बहुधा धान्याच्या रूपाने मिळे आणि हिशेब ठेवावे लागणाऱ्या मोजक्या घरांपलीकडे ते फारसे पोहोचत नसे. सरकारी शाळेने या व्यवस्थेत दोन गोष्टी नव्याने आणल्या. एक म्हणजे दरमहा रोख वेतन आणि दुसरी म्हणजे प्रशिक्षण. मराठी सातवीच्या अखेरीस द्यावयाच्या परीक्षेला ‘व्हर्नाक्युलर फायनल’ म्हणत. ती उत्तीर्ण झालेला तरुण शिक्षक होऊ शकत असे, आणि पुढे ‘नॉर्मल स्कूल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अध्यापन शाळेत जाऊन तो प्रशिक्षित शिक्षक बनत असे. ‘फायनल पास’ आणि ‘नॉर्मल पास’ हे शब्द त्यामुळे खेडोपाडी प्रतिष्ठेची बिरुदे ठरले.

या काळातील खेड्यात वाचता-लिहिता येणारा आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा माणूस म्हणजे अनेकदा एकटे मास्तर असत. पुष्कळ ठिकाणी टपालाची शाखाही त्यांच्याकडेच असे. त्यामुळे परगावाहून आलेले पत्र वाचून दाखवणे, मनीऑर्डर देणे, अर्ज लिहून देणे ही कामे शाळेच्या ओसरीवरच होत. मालगुजार, म्हणजे सारा वसूल करून सरकारात भरणारा गावचा जमीनमालक, आणि पटवारी यांची सत्ता जमिनीवर आणि दप्तरावर उभी होती. मास्तरांचा मान मात्र केवळ विद्येवर उभा होता. शेतमजुराच्या वा विडी वळणाऱ्या कुटुंबातील मुलाला मालगुजार होणे शक्य नव्हते, पण मास्तर होणे शक्य होते, आणि या शक्यतेतच त्या पेशाचे सामर्थ्य होते.

शाळेचे वर्ष मात्र शेतीच्या वर्षाशी सतत झगडत असे. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की, म्हणजे पऱ्हे (रोपे) उपटून चिखल केलेल्या बांध्यांत धान लावायची वेळ आली की, मोठी मुले-मुली शेतावर जात किंवा धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी थांबत, आणि हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा ओळीने उमटत. धानाच्या कापणीला पुन्हा तेच होई. घरोघरी जाऊन आईबापांची समजूत घालणे हे त्यामुळे येथील शिक्षकाच्या कामाचे अलिखित पण अटळ अंग बनले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना देणारा कायदा मध्य प्रांतात १९२० मध्ये झाला खरा, पण कायद्याच्या सक्तीपेक्षा गुरुजींच्या शब्दाचे वजन गावात अधिक होते.

विसाव्या शतकाच्या मध्यात प्रशासनाची चौकट वारंवार बदलली. १९३७ नंतर मध्य प्रांताचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांच्या विद्यामंदिर योजनेने शाळेला जमीन जोडून तिच्या उत्पन्नावर शिक्षकाचे वेतन चालवण्याचा प्रयत्न केला. १९४८ च्या कायद्याने तहसीलवार जनपद सभा आल्या. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि १ मे १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे गेल्या. याच सुमारास, १९५८ मध्ये, मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली. गोंदिया १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होते. स्वतःचे औपचारिक शिक्षण अल्प असलेल्या या विडी उद्योजकाने माध्यमिक शाळा आणि महाविद्यालये खेड्यांच्या आवाक्यात आणली. सातवीनंतर थांबणाऱ्या मुलांना पुढची वाट मिळाली आणि त्यांतील अनेक जण शिकून पुन्हा शाळेतच शिक्षक म्हणून परतले.

दलित समाजात या पेशाला वेगळेच महत्त्व आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ मध्ये भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. त्यात त्यांचा पराभव झाला, परंतु १९५६ मध्ये सुमारे ६० किलोमीटरवरील नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेने शिक्षणाची ओढ अधिक तीव्र केली. ज्यांच्या आजोबांना शाळेत वेगळे बसवले जात असे, त्या घरांतील तरुण शिक्षक होऊन वर्गासमोर उभे राहिले, तेव्हा त्यांची नुसती उपस्थिती हीच समतेची शिकवण ठरली.

बोलीच्या संदर्भातही शिक्षकांची कामगिरी मोलाची आहे. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत, म्हणजे दाट झाडीच्या या प्रदेशात, जी झाडीबोली बोलली जाते तिच्यात ‘ळ’ च्या जागी ‘र’ आणि ‘ण’ च्या जागी ‘न’ येतो. डोळ्याला ‘डोरा’ आणि पाण्याला ‘पानी’ म्हणणारे मूल पाठ्यपुस्तकाच्या मराठीसमोर ओशाळून गप्प बसत असे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा आणि दंडार, खडीगंमत यांसारख्या लोककलांचा अभ्यास करून त्यांना विद्वत्तेच्या क्षेत्रात स्थान मिळवून दिले. अनेक शिक्षकांनी या बोलीत कविता आणि नाटके लिहिली. दिवाळीनंतर गावोगावी होणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांत दिवसा गणित शिकवणारे गुरुजी रात्री रंगमंचावर दिसत, आणि आपल्या घरची भाषा हीही विद्येची भाषा होऊ शकते, असा विश्वास मुलांना त्यातून मिळे.

एकविसाव्या शतकात या पेशाची घडण बदलली. २००० पासून शिक्षणसेवक योजनेनुसार नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे केवळ मानधनावर काम करावे लागू लागले, आणि पुढे पात्रता परीक्षेची अट आली. गुणवत्तेची कसोटी आवश्यकच आहे. परंतु जी नोकरी तरुणांना वर्षानुवर्षे वाट पाहायला लावते आणि लागल्यावरही अपुऱ्या मानधनावर राबवते, तिच्याकडे विद्यार्थी आपले भवितव्य म्हणून पाहणार नाहीत. खेड्यातील मुलाला गुरुजींसारखे व्हावेसे वाटावे, असे समाजाला खरोखर वाटत असेल, तर गुरुजींना स्थैर्य, वेळेवर पूर्ण वेतन आणि शिकवण्यासाठी मोकळीक देणे हे शासनाचे आणि समाजाचे कर्तव्य आहे. कारण भंडारा जिल्ह्यात शिक्षणाचा विस्तार झाला तो एका शिक्षकाकडे पाहून दुसरा शिक्षक घडत गेल्यामुळे, आणि ही साखळी तुटली तर केवळ इमारती आणि योजना तिची जागा घेऊ शकणार नाहीत.