तांब्याच्या तारेची लांबी

ब्रॉडबँडचा इतिहास सांगताना आपल्याकडे वेगाचे आकडे पुढे केले जातात. ऑक्टोबर २००४ च्या धोरणाने सेकंदाला किमान २५६ किलोबिटची अट घातली, जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमने सेवा सुरू केली, इत्यादी. या इतिहासातला निर्णायक आकडा मला वेगळाच वाटतो: दूरध्वनी केंद्रापासून घरापर्यंतच्या तारेची लांबी.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने जनतेसाठी खुले केलेले इंटरनेट डायल करून मिळे. ते चालू असेपर्यंत घरचा फोन अडलेला, आणि वर कॉलचा आकार चढत राही तो वेगळाच. एडीएसएलने तीच तार वाटून घेतली. बोलणे चार किलोहर्ट्झच्या खाली, माहिती त्याच्या बरीच वर. स्प्लिटरची चिमुकली डबी दोहोंना वेगळे करी, एक वायर फोनला, दुसरी मोडेमला. नवी तार ओढावी लागत नसे, म्हणूनच ही सेवा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. परंतु उच्च वारंवारतेचा संकेत तांब्यात लवकर क्षीण होतो. चार-पाच किलोमीटरपलीकडे जोडणी टिकणे अवघड. सांध्यात पाणी शिरले तर त्याच्याही अलीकडे.

हे गणित कोयनेच्या खोऱ्यात मांडून पाहावे. कोयनानगर ही धरणाच्या कामामुळे वाढलेली वसाहत, भोवतीच्या वाड्या मात्र डोंगरउतारांवर विखुरलेल्या, आणि पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास. तार रस्त्याच्या वळणांनी जाते, सरळ रेषेत नव्हे. पोफळीच्या भूमिगत केंद्रातली वीज १९६२ पासून दूरदूर पोहोचली, कारण दाब वाढवला की विजेला अंतर फारसे जाचत नाही. फोनच्या तारेला असा उपाय नाही. केंद्रातले यंत्रच वाडीजवळ न्यावे लागते, आणि दहा-वीस ग्राहकांसाठी तो खर्च कोण करणार?

त्या दशकातील मराठी जालसाहित्याला आपण वर्गात सरसकट ‘लोकशाहीकरण’ म्हणतो. मराठी विकिपीडिया २००३ चा, ‘मनोगत’ २००४ चे. त्यांतला स्वर प्रामुख्याने शहरी आणि परदेशस्थ होता. त्याची कारणे वर्ग, जात, शिक्षण यांत शोधली जातात, आणि ती तिथे आहेतच. तथापि पाटण तालुक्यातल्या एखाद्या लिहित्या शिक्षकाकडे संगणक, टंक आणि हौस असूनही तार सहा किलोमीटरची असेल, तर त्याची अनुपस्थिती वाङ्मयेतिहासात कोणत्या रकान्यात नोंदवायची? पुढे अशा गावांत इंटरनेट आले ते बहुधा मोबाइलच्या मनोऱ्यावरून. तोवर दीर्घ लेखांच्या त्या जालावरची वर्दळ ओसरू लागली होती.