वसई परिसरातील दगडखाणींची कच : अवशिष्टापासून बांधकामाच्या वाळूपर्यंत

प्रस्तावना

वसईचा इतिहास बहुधा बंदर, किल्ला आणि तह यांच्या आधारे सांगितला जातो. ज्या काळ्या पाषाणावर येथील वास्तू उभ्या राहिल्या, तो घडविताना उरणाऱ्या अवशिष्टाचा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात या अवशिष्टाच्या वापराचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

हातकामाचा कालखंड

1534 साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली आणि 1739 साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधल्या दोन शतकांत वसईचा दगड दूरवर जात असे. जुन्या गोव्यातील 1605 साली पूर्ण झालेले बॉम जेझू चर्च जांभ्या दगडाचे असले, तरी त्याच्या दर्शनी भागासाठी बेसाल्ट वसईहून नेण्यात आला. त्या काळच्या जाड भिंतींत दर्शनी बाजूस घडीव दगड आणि आतील गाभ्यात लहान दगड व चुन्याचा भराव घालण्याची पद्धत होती. पाथरवटाच्या छिन्नीखाली निघालेल्या चिपा सांध्यांत व भरावात सामावून जात. अवशिष्ट आणि वास्तू यांच्यात अंतर नव्हते.

यंत्राचा कालखंड

खडी क्रशरच्या आगमनाने हे नाते बदलले. यंत्राच्या जबड्यात दगड फुटतो, चाळण्यांवर खडीची प्रतवारी होते आणि 4.75 मिलिमीटरपेक्षा बारीक माल तळाशी उरतो. हीच कच होय. मुंबईलगतच्या नागरीकरणामुळे खडीची मागणी वाढली. 2009 साली स्थापन झालेल्या वसई-विरार महानगरपालिकेच्या क्षेत्रात 2011 च्या जनगणनेनुसार 12 लाखांहून अधिक लोक राहत होते. खडीबरोबर कचही अपरिहार्यपणे वाढते. तिचे ढीग उघडे पडून राहिले, तर वाऱ्याबरोबर उडणारी धूळ कामगारांच्या फुप्फुसांत आणि लगतच्या शेतांवर जाते.

येथे एक बाब लक्षणीय ठरते. भारतीय मानक आयएस 383 च्या 1970 च्या आवृत्तीतच दगड फोडून केलेल्या वाळूला मान्यता होती. 75 मायक्रॉनपेक्षा बारीक कणांची मर्यादा नैसर्गिक वाळूसाठी 3 टक्के, तर फोडलेल्या वाळूसाठी 15 टक्के होती. म्हणजेच कचेच्या वापरास शास्त्राची आडकाठी नव्हती. खाडी व नदीची वाळू सहज मिळत असल्याने बाजाराला तिची गरज भासली नाही.

वाळूटंचाई आणि धोरण

ही गरज न्यायालयीन निर्णयांतून निर्माण झाली. आवाज फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2010 साली राज्यातील वाळू उपशावर बंदी घातली. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने दीपककुमार खटल्यात लहान क्षेत्रातील गौण खनिज उत्खननासही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली. 2016 साली आयएस 383 च्या शीर्षकातील नैसर्गिक स्रोतांचा उल्लेख वगळण्यात येऊन पुनर्चक्रित मालाचाही समावेश झाला. 2025 साली महाराष्ट्र शासनाने कृत्रिम वाळूचे धोरण स्वीकारले.

तथापि कच म्हणजे आपोआप वाळू नव्हे. तिचे कण चपटे व टोकदार असतात; ते फिरत्या यंत्रात आपटून गोलसर करावे लागतात आणि जादा भुकटी धुऊन किंवा हवेने वेगळी करावी लागते. खाणीवरील मुरूम व माती मिसळल्यास काँक्रीट कमकुवत होते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, अवशिष्टाचे मूल्य केवळ तंत्रज्ञानाने ठरले नाही. पर्यायी मालाच्या टंचाईने ते ठरविले. मात्र साचलेली कच वापरणे आणि वाळूसाठी नवा डोंगर फोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या मार्गाने अवशिष्ट कमी होते. दुसऱ्याने खाण वाढते. शासकीय नोंदींत दोहोंना कृत्रिम वाळू हे एकच नाव मिळाल्यास हा भेद पुसला जाईल. वसईच्या पूर्वेकडील डोंगरांच्या दृष्टीने तो जपणे अगत्याचे आहे.