कोरोमोगाए : तिथीने ठरणाऱ्या वस्त्रांची कुळकथा

थंडीचे कपडे उतरवून हलके कपडे केव्हा घालावेत, हे एरवी हवा आणि ज्याचे त्याचे अंग ठरवते. जपानमध्ये मात्र हा निर्णय शतकानुशतके पंचांगाकडे राहिला, आणि ठरलेल्या दिवशी वस्त्रे बदलण्याच्या या प्रथेला तेथे ‘कोरोमोगाए’, म्हणजे वस्त्रपालट, असे म्हणतात. चिनी दरबारी रिवाजातून आलेली ही प्रथा हेआन काळात (७९४ ते ११८५) क्योतोच्या राजदरबारात रुजली. चांद्र पंचांगातील चौथ्या महिन्याचा पहिला दिवस उन्हाळी वस्त्रांचा आणि दहाव्या महिन्याचा पहिला दिवस हिवाळी वस्त्रांचा ठरला. त्या वेळी अंगावरच्या वस्त्रांबरोबर दालनांतले पडदेही बदलले जात.

एदो काळात (१६०३ ते १८६८) शोगुनांच्या राजवटीने सामुराई वर्गासाठी दोनाचे चार पालट केले. चौथ्या महिन्याच्या आरंभापासून ‘आवासे’, म्हणजे अस्तर लावलेले वस्त्र. पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवसापासून बिनअस्तरी वस्त्र. नवव्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून पुन्हा आवासे. आणि त्याच महिन्याच्या नवव्या दिवसापासून ‘वाताइरे’, म्हणजे अस्तर आणि वरचे कापड यांच्यामध्ये कापूस किंवा रेशमाचा थर घातलेले वस्त्र, असा क्रम होता. शरदात आवासेच्या वाट्याला जेमतेम आठ दिवस येत, तर वसंत सरताना महिनाभराहून अधिक काळ. वर्षभरातले सर्वांत मोठे स्थित्यंतर चौथ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी घडे, कारण त्या दिवशी वस्त्रातला कापूस निघे. ‘चौथा महिना, पहिला दिवस’ या अक्षरांनी लिहिले जाणारे, पण ‘वातानुकी’, म्हणजे ‘कापूस काढणे’, असे उच्चारले जाणारे एक आडनाव जपानमध्ये आजही आढळते.

या प्रथेचा खरा आधार दरबारी शिष्टाचारापेक्षा किमोनोच्या शिवणीत शोधावा लागतो. किमोनोचे कापड सुमारे ३६ सेंटीमीटर पन्ह्याचे आणि सुमारे १२ मीटर लांबीचे असते. ते गोलाई न देता सरळ रेषेत कापतात, त्यामुळे शिवण उसवली की त्याचे सरळ तुकडे परत हाती येतात. हे तुकडे टाके घालून पुन्हा एकसलग पट्टा करावा, तो धुवावा, खळ देऊन फळीवर किंवा बांबूच्या बारीक काड्यांनी ताणून वाळवावा आणि मग नव्याने शिवावा, या पद्धतीला ‘आराइहारी’ म्हणतात. ज्या घरात मोजकीच वस्त्रे असत, तेथे हिवाळ्यातल्या वस्त्राचा कापूस काढून त्याचेच आवासे करता येई आणि पुढे अस्तर काढून तेच उन्हाळ्यात वापरता येई. उसवण्यापासून शिवण्यापर्यंतचे हे काम मुख्यतः घरातल्या स्त्रिया करीत, आणि ते दिवसांचे काम असल्यामुळे ठरलेल्या तिथीच्या आत उरकावे लागे. प्रथेच्या इतिहासात दरबाराचे नाव पुढे येते, पण ती घराघरांत टिकली ती या श्रमांवर.

१८७३ साली मेइजी सरकारने सौर कालगणना स्वीकारली आणि सरकारी सेवकांच्या पाश्चात्त्य धाटणीच्या गणवेशांना १ जून आणि १ ऑक्टोबर या दोन तारखा लावल्या. पुढे शाळांनीही त्याच उचलल्या. शिंप्याने बेतून शिवलेला कोट उसवून हलका करता येत नाही, म्हणून हिवाळी आणि उन्हाळी असे दोन स्वतंत्र जोड आले आणि मधला टप्पा नियमातून गळाला. गरज मात्र गळाली नाही: वसंतात आणि शरदात घालायच्या मध्यम वजनाच्या सुटांना जपानी लोक ‘आइफुकु’, म्हणजे मधल्या काळाचे कपडे, म्हणतात. दक्षिणेकडच्या उबदार ओकिनावात उन्हाळी गणवेश महिनाभर आधी येतो, कारण एकच तारीख साऱ्या देशाच्या हवामानाला पुरत नाही.

२००५ साली पर्यावरण मंत्रालयाने ‘कूल बिझ’ मोहीम काढून कार्यालयांत टाय आणि कोट उतरवण्यास, तसेच खोलीचे तापमान २८ अंशांवर ठेवण्यास सांगितले. तिचा पहिला हंगामही १ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंतच होता. पुढे ही मुदत दोन्ही टोकांनी ताणली गेली, आणि २०२१ पासून मंत्रालयाने देशभरासाठी एकच कालावधी जाहीर करणे थांबवले.